एम्प्रेस मिल : जुम्मा तलावाकाठच्या गिरणीची सव्वाशे वर्षे

सूतगाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात नागपूरला आईकडे गेले असता माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी आवरायला काढली. तिच्या तळाशी धुवट फडक्यात गुंडाळलेली सुताची एक लडी निघाली. सूत कोरे, किंचित पिवळसर पडलेले. लडीचे वेगवेगळे भाग आडव्या दोऱ्याने नीट बांधलेले. वर कागदाच्या चिठ्ठीचा एक कोपरा तेवढा चिकटून राहिलेला. माझे आजोबा एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात (सूत कातण्याच्या विभागात) होते, त्यामुळे हे सूत तिथलेच असणार, असे आईचे म्हणणे आहे. ती लडी हातात घेतल्यापासून या गिरणीने मनात घर केले आहे. वाचलेले, घरी ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले एकत्र मांडावे आणि जाणकारांकडून त्यात भर पडावी, यासाठी हा धागा काढत आहे.

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, तेव्हा कापड गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरण पक्के झालेले होते. त्यांनी स्वतः चिंचपोकळीला बंद पडलेली एक तेल गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली होती आणि ती दोन-एक वर्षांत नफ्यात विकली होती. तरीही पुढच्या गिरणीसाठी त्यांनी मुंबई सोडली. कापूस जिथे पिकतो तिथेच तो कातावा, हा त्यामागचा साधा हिशेब होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी होता, वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत येऊन पोहोचली होती. स्टेशनाजवळ, जुम्मा तलावाच्या काठी (आजचा गांधीसागर) भोसले राजांकडून जागा मिळाली. ती जागा दलदलीची होती आणि पाया घालण्यापूर्वी गाड्यांवर गाड्या मातीची भर टाकावी लागली. गावातल्या एका मारवाडी सावकाराने या कामाला पैसा द्यायचे नाकारले. हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे गिरणीची भरभराट पाहिल्यावर, टाटांनी सोने मातीत घातले नव्हते, तर माती घालून सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली, असे जमशेटजींच्या चरित्रात नमूद आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस पडले. आरंभी सुमारे तीस हजार चात्या (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्या) आणि ४५० माग होते. व्यवस्थापनासाठी नेमलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले असून त्यांना कापड धंद्याचा अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू लँकेशायरच्या जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. एकाने माणसे आणि हिशेब सांभाळले, दुसऱ्याने यंत्रे, आणि या जोडीवर गिरणी उभी राहिली, असे मला वाटते.

पहिली काही वर्षे सोपी गेली नाहीत. कामगारांची गैरहजेरी मोठी होती, कारण शेतीच्या वेळापत्रकावर वाढलेल्या माणसाला भोंग्याच्या वेळा अंगवळणी पडायला वेळ लागतो. दंड वाढवून माणसे टिकवण्यापेक्षा जमशेटजींनी ती सोयींनी टिकवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये. खेळांच्या वार्षिक दिवशी कामगारांना बक्षिसे दिली जात. कातण खात्यात हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आग लागताच आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्याही या गिरणीत फार लवकर बसल्या.

पुढे पाच गिरण्यांचा पसारा झाला. १९८६ मध्ये टाटांच्या कंपनीचे विसर्जन होऊन गिरण्या महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि २००२ मध्ये कायमच्या बंद झाल्या. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. एक प्रश्न मला सोडवत नाही. ज्या कारणासाठी गिरणी नागपूरला आली, ते कारण, म्हणजे कापूस, आजही तिथेच पिकतो आहे. मग गिरणी का गेली?

चातीवाला

सूतगाठताई, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी तीस वर्षे सूतगिरण्यांमध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे यंत्रांच्या अंगाने थोडे लिहितो.

तुमच्या लेखात एम्प्रेसच्या उत्कर्षाचा गाभा राहून गेला आहे, आणि तो म्हणजे रिंग फ्रेम. त्या काळी सूत प्रामुख्याने म्यूल नावाच्या यंत्रावर कातले जाई. म्यूलचा गाडा रुळांवरून बाहेर येतो, येताना पेळूचा धागा ओढतो आणि त्याला पीळ देतो. मग थांबतो आणि परत जाताना तो धागा गुंडाळतो. म्हणजे कातणे आणि गुंडाळणे आळीपाळीने होते. रिंग फ्रेममध्ये चातीभोवती एक पोलादी कडे असते आणि त्या कड्यावर एक बारीक पोलादी तुकडा, ज्याला आम्ही ट्रॅव्हलर म्हणतो, गरगर फिरतो. त्यामुळे पीळ आणि गुंडाळणे एकाच वेळी, खंड न पडता चालते. उत्पादन वाढते आणि चालवणाऱ्याला म्यूलवाल्याइतके कसब लागत नाही. लँकेशायरचे कसबी कामगार आणि त्यांची बारीक सुताची बाजारपेठ म्यूलवर बेतलेली असल्यामुळे तिथले गिरणीमालक अनेक दशके म्यूललाच धरून राहिले. जमशेटजींनी मात्र १८८०च्या दशकाच्या आरंभीच नागपुरात रिंगचे प्रयोग करवले आणि खात्री पटताच जुनी यंत्रे काढायला सुरुवात केली. चांगली चालणारी यंत्रे मोडीत काढण्याची हिंमत त्या काळी फार थोड्यांकडे होती.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. जी गिरणी आपल्याच नव्या यंत्रांना सहा-सात वर्षांत बाजूला सारून वर आली, तिने पुढे यंत्रे बदलणे थांबवले आणि तिथून ती उतरणीला लागली. दुसऱ्या महायुद्धात देशभरातल्या गिरण्या जास्तीच्या पाळ्या लावून चालवल्या गेल्या, पैसा भरपूर आला आणि यंत्रे झिजली. त्या झिजेची भरपाई करण्याची वेळ आली तेव्हा पैसा दुसरीकडे वळला होता. कातण खाते जुने झाले की धागा तुटण्याचे प्रमाण वाढते, तुटलेला प्रत्येक धागा हाताने सांधावा लागतो, सांधणारी माणसे वाढवावी लागतात आणि तेवढे करूनही सुताला गाठी राहतात. अशा सुताला मागवाला कमी भाव देतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबवायला फार मोठी रक्कम लागते.

गिरणगावकर

चातीवाला यांचे तांत्रिक विवेचन उत्तम आहे, परंतु सर्व दोष मालकांच्या आळसावर टाकणे मला योग्य वाटत नाही. मी लालबागचा. आमच्याकडे रिंग खात्याला त्रासन खाते म्हणत आणि विणकाम खात्याला साचाखाते. १८ जानेवारी १९८२ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बुडाल्या असे सर्रास म्हटले जाते. नागपुरात तसा संप नव्हता, तरी एम्प्रेसही त्याच दशकात बुडाली. तेव्हा दोन्हीकडे समान असलेली कारणे शोधायला हवीत.

स्वातंत्र्यानंतर हातमागाला संरक्षण देण्याच्या हेतूने गिरण्यांना नवे माग वाढवण्यास सरकारने बंधन घातले. हेतू चांगला होता, परंतु मोकळी झालेली जागा हातमागाने न घेता यंत्रमागाने घेतली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे लहान शेडमध्ये चार-चार, सहा-सहा माग उभे राहिले. गिरणीला लागू असणारे कामगार कायदे आणि अबकारी तिथे एक तर लागू नव्हते किंवा पाळले जात नव्हते. मग १९६४ पासून गिरण्यांवर नियंत्रित कापडाचे बंधन आले. गरिबांसाठी जाडेभरडे धोतर, साडी, मांजरपाट ठरावीक दरात विणायचे आणि त्यातला तोटा गिरणीने सोसायचा. एम्प्रेससारखी गिरणी जाड आणि मध्यम कापडातच होती, त्यामुळे तिला ही झळ अधिक लागली. त्यात टेरिकॉट आले आणि सुती धोतर नेसणारी पिढीच मागे पडली.

सरकारने आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या त्या बहुतांशी रोजगार वाचवण्यासाठी. महाराष्ट्राचे महामंडळ १९६६ मध्ये आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ मध्ये स्थापन झाले. १९७४ मध्ये देशातील १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. पगार चालू राहिले, यंत्रे मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. मी या धोरणाला नावे ठेवत नाही, कारण त्या पगारांवर हजारो घरांतली मुले शिकली. मी स्वतः त्यांतलाच एक आहे.

सीताबर्डी

पन्नास लाखांच्या गोष्टीचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? १९७७ मध्ये रतन टाटा यांच्याकडे एम्प्रेसची जबाबदारी देण्यात आली होती. गिरणी सावरण्यासाठी सुमारे ५० लाख रुपये हवे होते. टाटांच्याच वर्तुळातील ज्येष्ठांनी, त्यात नानी पालखीवाला होते, ते घालण्यास विरोध केला. पुढे १९८६ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. हा निर्णय आपल्याला पटला नव्हता, हे रतन टाटांनी नंतर बोलून दाखवले होते. ज्या गिरणीच्या नफ्यावर घराण्याचे पुढचे अनेक उद्योग उभे राहिले, तिला अखेरीस ५० लाख मिळू नयेत, याचे नागपूरकर म्हणून मला फार वाईट वाटते.

चातीवाला

सीताबर्डी, भावना समजते. परंतु पाच गिरण्यांच्या पसाऱ्यात ५० लाखांनी रिंग फ्रेमच्या काही रांगा बदलल्या असत्या, ब्लो रूम (रुई मोकळी करून झटकणारी यंत्रे) आणि कार्डिंग (रुई पिंजून विंचरणारी यंत्रे) जुनेच राहिले असते. सुताचा दर्जा कार्डिंगमध्ये ठरतो. रुईतला कचरा आणि आखूड तंतू तिथे निघाले नाहीत, तर पुढचे यंत्र कितीही नवे असले तरी सूत असमानच येते. त्या पैशाने दोन-चार वर्षे मिळाली असती. त्या दोन-चार वर्षांत कुणी काय केले असते, यावर सगळे अवलंबून होते.

बेझनबागची लेक

वरची सगळी चर्चा यंत्रे, भांडवल आणि धोरणे यांवर झाली आहे. मी माणसांबद्दल लिहिते.

आमच्या वस्तीचे नाव बेझनबाग. सूतगाठताईंनी ज्या बेझनजींचा उल्लेख केला, त्यांच्याच नावावरून ते पडले. कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत इंदोऱ्याच्या बाजूला कामगारांच्या वसाहतीसाठी मोठी जागा घेतली आणि तिथल्या कल्याणकार्यासाठी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेची मदत घेतली. रात्रीचे वर्ग, दवाखाने, खेळाची मैदाने अशी कामे कामगार वस्त्यांमध्ये चालत. शहराच्या एका टोकाला कोष्टी विणकरांच्या वस्त्या आणि दुसऱ्या टोकाला आमची वस्ती. भोंगा मात्र दोन्हीकडे एकच ऐकू जाई.

आमच्या समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाडे सूत कातत आणि जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या सुताने तो धंदा गेला आणि त्याच गिरणीने पुन्हा रोजगार दिला. हे दोन्ही खरे आहे आणि आमच्या घरात दोन्ही बोलले जाई. महिन्याचा पगार रोख हातात येणे, तो कुणा पाटलाच्या किंवा सावकाराच्या मर्जीवर नसणे, ही आमच्या आजी-आजोबांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट होती. त्या पगारातून वर्गणी निघाली, वाचनालये निघाली, सभा भरल्या. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात परिषद घेतली आणि तिथे अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूर निवडले गेले. त्याची कारणे अनेक आहेत आणि स्वतः बाबासाहेबांनी नाग लोकांच्या इतिहासाचा दाखला दिला होता. तरी गिरणीच्या पगारावर उभी राहिलेली, सभेची आणि संघटनेची सवय असलेली वस्ती या शहरात होती, ही गोष्ट कमी लेखता येत नाही. रा. स. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी कामगारांच्या युनियनचे जे काम केले, त्याचाही यात वाटा आहे.

गिरणगावकर काका, मुंबईत साचाखात्यात आमच्या लोकांना घेत नसत, कारण शटलच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. गिरणगावच्या आठवणींत ही गोष्टही लिहिली जावी, एवढी विनंती.

वडील पाळी संपवून यायचे तेव्हा भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर रुईची पिंज बसलेली असे. ते आधी ओसरीवर बसून ओल्या पंचाने तोंड पुसायचे आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे. आम्हा भावंडांना खेळायला लाकडी बॉबिनी असत. उतारावरून कुणाची लांब जाते, याची शर्यत लागे.

गिरणगावकर

ताई, तुमची विनंती शिरसावंद्य. साचाखात्याची ही गोष्ट मी वडिलांच्या तोंडून ऐकली होती आणि ती मीच आधी लिहायला हवी होती.

पांढरे सोने

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक. सूतगाठताईंच्या मूळ प्रश्नाला शेताच्या बांधावरून उत्तर देतो.

कापूस आजही पिकतो, पण तो कापूस आता वेगळा आहे. एम्प्रेस सुरू झाली तेव्हा आमच्याकडचा कापूस देशी, आखूड तंतूचा होता. बाजारात त्याला ऊमरा म्हणत, आणि ते नाव अमरावतीवरून आलेले आहे. त्यातून जाड सूतच चांगले निघे, म्हणून गिरणीचा माल आणि आमचा कापूस यांची सांगड बसली होती. जमशेटजींना ही मर्यादा ठाऊक होती. इजिप्तचा लांब तंतूचा कापूस इथे पिकवावा, यासाठी त्यांनी १८९०च्या दशकात खटपट केली, पण ती फळाला आली नाही. लांब तंतूचा कापूस आमच्या शेतात मोठ्या प्रमाणावर आला तो १९७०नंतर, संकरित वाणांमुळे. म्हणजे आमचा कापूस सुधारला तेव्हा गिरणीची यंत्रे थकली होती.

दुसरी गोष्ट एकाधिकार खरेदीची. १९७२ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने कापूस राज्याच्या योजनेलाच विकायचा, असा कायदा होता. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, हा त्यामागचा उद्देश होता आणि काही वर्षे तो मिळालाही. परंतु गिरणीच्या फाटकापासून पन्नास-शंभर किलोमीटरवर पिकलेला कापूस गिरणीला थेट घेता येईना. ही खरेदी करणाऱ्या पणन महासंघाच्या गाठी (रुईचे दाबलेले गठ्ठे), त्यांच्या प्रतवारीने आणि त्यांच्या भावाने घ्याव्या लागत. कापसाच्या शेजारी असण्याचा जो लाभ जमशेटजींनी हेरला होता, तो अशा रीतीने कागदावर संपला. यंत्रे आणि यंत्रमाग ही कारणे मलाही मान्य आहेत, पण विदर्भापुरते बोलायचे तर हे कारण त्यांच्या बरोबरीने धरावे लागेल.

२००२ मध्ये गिरणी बंद झाली, त्याच वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पीक वाढले, गाठी वाढल्या. त्या गाठींचा मोठा भाग आज रेल्वेने आणि ट्रकने दक्षिणेच्या आणि गुजरातच्या गिरण्यांकडे जातो. जिनिंगच्या आवारात गाठी भरताना मी अनेकदा उभा राहिलो आहे. सरकी इथे राहते, तिचे तेल आणि ढेप होते. रुई तेवढी जाते, आणि खरा पैसा रुईचे सूत होण्यात असतो.

सूतगाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला आता बरेचसे दिसते आहे. चातीवाला म्हणतात ती यंत्रांची झीज आणि पांढरे सोने म्हणतात ती कापसाशी झालेली ताटातूट, या दोन गोष्टी माझ्या मते मुळाशी आहेत. यंत्रमागाने आधीच वाकलेल्या गिरणीला ढकलले. बेझनबागताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. पिंजेचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला.

चातीवाला काका, एक शंका आहे. लडीवरच्या चिठ्ठीचा कोपरा फाटल्यामुळे सुताचा नंबर कळत नाही. तो घरच्या घरी काढता येईल का?

चातीवाला

नक्की येईल. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात, तितका सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरच्या सुताच्या एका पौंडात १६,८०० वार सूत असते. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. पूर्ण लडीत १२० वारांचे सात भाग असतात आणि ते आडव्या दोऱ्याने वेगळे बांधलेले असतात. तुम्ही लिहिलेत ते बांधलेले भाग हेच असावेत. लडी दीड वार घेराच्या फाळक्यावर गुंडाळतात, म्हणून एका भागात ८० फेरे यायला हवेत. आधी भाग सात आहेत का ते मोजा आणि एका भागातले फेरे मोजून पाहा. दोन्ही जमले तर सोनाराच्या काट्यावर पूर्ण लडीचे वजन ग्रॅममध्ये करा आणि ४५३.६ ला त्या वजनाने भागा. पावसाळी हवेत वजन किंचित जास्त भरते, तेव्हा एक दिवस कोरड्या जागी ठेवून मग तोला. सूत सोडवू नका, जुने सूत पुन्हा नीट गुंडाळले जात नाही.

सूतगाठ (धागाकर्ती)

भाग सातच भरले. आईने चष्मा लावून एका भागाचे फेरे मोजले. पहिल्या वेळी ७९ आले, दुसऱ्या वेळी ८०. इतवारीतल्या सोनाराकडे वजन करून घेतले, ते साडेबावीस ग्रॅम भरले. म्हणजे सूत २० नंबरचे आहे. शेजारच्या कोष्टी आजींना लडी दाखवली, तेव्हा त्यांनी दोन बोटांत धागा फिरवून, हे धोतराचे सूत, असे लगेच सांगितले.